काटेरी हलव्याचं प्रक्षेपण

मी रागीट आहे हे माहेरी, सासरी आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. दुसरं म्हणजे मी थरथरीची इंजिनियर आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग "म्हणजे नक्की काय?" असं विचारतात, आणि मी सांगायला लागले की घड्याळाकडे बघतात. तरी थोडं सांगावंच लागेल, नाहीतर दोह्यात त्या संक्रांतीला आमच्या घरी काय घडलं ते कळायचं नाही.

लग्नाआधी आणि नंतरही चार वर्षं मी पुण्यात एका प्रयोगशाळेत होते. तिथे उपग्रहांचे भाग यायचे. आम्ही ते एका टेबलावर घट्ट आवळायचो आणि टेबल गदागदा थरथरवायचो. उपग्रह एकदा वर पोचला की सुखात असतो. त्याचा जीव जातो तो वर जाताना, पहिल्या काही मिनिटांत. खाली रॉकेटची इंजिनं गरजत असतात, त्या नुसत्या आवाजाने पत्रे थरथरतात, एकेक टप्पा सुटताना धक्के बसतात. वर्षानुवर्षं जपून बनवलेल्या यंत्राचा एखादा सांधा तेवढ्यात निखळतो. म्हणून रॉकेट आणि उपग्रह यांच्यामध्ये थरथर गिळणारं काहीतरी बसवतात. ते कडक असलं तर खालची सगळी थरथर वर चढते. फार मऊ असलं तर उपग्रह झोके घ्यायला लागतो आणि बाजूच्या भिंतीवर आपटतो. मऊ तर हवंच, पण झोका लगेच विरायलाही हवा. एवढ्या ज्ञानावर माझं पोट चालत आलं आहे.

नवऱ्याला कतारमध्ये गॅस कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही दोह्यातल्या मदिनत खलीफा वस्तीत राहायला आलो. एका मोठ्या व्हिलाचे भिंती घालून पाच तुकडे केले होते, त्यातला एक आमचा. इथे उपग्रह नव्हते, पण वर्ल्ड कप येणार होता. सगळं शहर खणून ठेवलं होतं आणि जिथे खणत नव्हते तिथे ठोकत होते. थरथरीला तोटा नव्हता. बिन महमूद भागातल्या एका छोट्या ऑफिसात मला काम मिळालं.

तिथलं माझं पहिलं मोठं काम म्हणजे स्टेडियमच्या नव्या स्टँडवर प्रेक्षक एकदम नाचायला लागले तर तो किती थरथरेल हे मोजणं. प्रेक्षक यायला अजून बरीच वर्षं होती, म्हणून बरवा अल बराहाच्या वस्तीतून बस भरून कामगार आणले. मी यंत्रं लावली, फोरमनने "यल्ला, कूदो!" अशी आरोळी ठोकली आणि ते सगळे पुरुष हेल्मेट घालून, गंभीर चेहऱ्याने, तालात उड्या मारू लागले. तासाभराने मी शुक्रान म्हणून आभार मानले, तर त्यांच्यातला एक वयस्क माणूस पुढे येऊन म्हणाला, "मॅडम, खलास? बस कूदना ही था?" मी हो म्हटलं. "कल भी यही काम है क्या?" त्याच्या आवाजात एवढी आशा होती की मला नाही म्हणताना वाईट वाटलं.

अशा त्या दिवसांत, डिसेंबरमध्ये, सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या. सामानात नऊवारी दोन, पाचवारी आठ, आणि कपड्यांत गुंडाळलेली एक पितळी परात. परात बघून मी कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "हसू नको. हिच्याशिवाय काटा येत नाही."

काटा म्हणजे हलव्याचा काटा. संक्रांतीचा पांढरा हलवा दुकानात मिळतो, पण सासूबाई करतात तो वेगळा. परातीत तीळ किंवा साबुदाणे घ्यायचे, खाली अगदी मंद आच, वरून साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि उघड्या बोटांनी दाणे फिरवत राहायचं. दिवसाला चार-पाच तास, असे आठ दिवस. हवा कोरडी आणि थंड असेल, बोटं भाजली तरी हात थांबला नाही, तर एकेका दाण्यावर बारीक पांढरे काटे उभे राहतात. मग ते दाणे ओवून लहान बाळासाठी दागिने करायचे. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. काळं झबलं घालून बाळाला ते चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, की झालं बोरन्हाण. सासूबाईंनी घराण्यातल्या यच्चयावत पोरांना हे दागिने घातले आहेत. काटा मोडला तर त्या तो दाणा पोरांना खाऊ म्हणून वाटून टाकतात, दागिन्यात ओवत नाहीत.

ह्या वेळचं बाळ होतं माझ्या नणंदेचं. नणंद राहायची अल खोरला, आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, आणि मायलेकी अडीच वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

झालं होतं ते असं. नणंदेने तिच्या ऑफिसातल्या एका मल्याळी मुलाशी केरळात जाऊन रजिस्टर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. सासूबाईंची तक्रार मुलगा मल्याळी असल्याची नव्हती. तक्रार फोनची होती. "दळण आणायला जाताना सांगून जायची, आणि लग्नाला जाताना सांगितलं नाही," हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं आहे. त्याच फोनवर त्या रागाने म्हणाल्या होत्या, "तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही मी." नणंद त्यांचीच मुलगी. "नको पिऊस," म्हणाली आणि फोन ठेवला. बाळंतपणातही तिने बोलावलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. नात आठ महिन्यांची झाली तरी सासूबाईंनी तिला फक्त माझ्या मोबाइलवर पाहिलं होतं, तेही "चष्मा कुठे ठेवला गं मी?" असं म्हणत माझ्या खांद्यामागे उभं राहून.

आता त्यांनी बेत असा जाहीर केला की हलव्याचे दागिने करायचे, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी अल खोरला जायचं, नातीला घालायचे, बोरन्हाण उरकायचं आणि दोन तासांत परत यायचं. "पाण्याची बाटली आपली आपण न्यायची," त्या म्हणाल्या. मी नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "येऊ दे. मी काही राहा म्हणून हातापाया पडणार नाही, वहिनी. तसं सांग तिला." मी दोघींचं म्हणणं दोघींना सांगितलं. दोघी "हं" म्हणाल्या. मला दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटली.

आठ दिवस आमचं स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात गेलं. धुकं पडलं की गॅस बंद, कारण दमट हवेत काटा धरत नाही. एसीचं नाव काढायचं नाही. आम्ही दोघं बाहेर उभं राहून सँडविच खायचो. सासूबाईंच्या बोटांची टोकं लाल झाली, मग त्यांवर फोड आले, पण त्या कुणाला परातीला हात लावू देईनात. आठव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. परातीत टपोरे शुभ्र दाणे होते आणि प्रत्येकावर बारीक, टोकदार, मोजून घ्यावेत असे काटे. मी इतकी वर्षं पुष्कळ नाजूक वस्तू हाताळल्या आहेत. त्या दाण्यांपुढे मला बोट पुढे करायची हिंमत झाली नाही.

"हे आता अल खोरला न्यायचं कसं?" सासूबाईंनी विचारलं. "तो रस्ता म्हणे सगळा उकरलाय."

त्यांनी हे मला, थरथरीच्या इंजिनियरला, विचारलं होतं. माझ्या अंगात जे काही संचारलं त्याचं वर्णन माझा नवरा अजून करतो.

मी ऑफिसातून रबराचे वेगवेगळे नमुने आणले. घरातला पिकनिकचा मोठा थर्माकोलचा डबा घेतला, त्याच्या आत दुसरी छोटी पेटी आठ कोपऱ्यांतून रबरावर टांगली, छोट्या पेटीत प्रत्येक दागिना टाचण्यांनी जागच्या जागी बसवला. आतल्या पेटीच्या कोपऱ्यात माझा जुना मोबाइल ठेवला, धक्के नोंदवणारं ॲप चालू करून. उपग्रहातही अशी नोंद करणारी यंत्रं ठेवतात, म्हणजे वर काय झालं ते मागाहून कळतं. नवरा म्हणाला, "बाळाचा मुकुट आहे हा, मंगळावर नाही चाललाय." मी त्याला रबर कापायला बसवलं.

मग चाचणी. आता घरात थरथरणारं टेबल कुठून आणायचं? मी पेटी वॉशिंग मशीनवर बांधली, आत टाकाऊ हलव्याचे मूठभर दाणे ठेवले आणि कपडे पिळायचं बटण दाबलं. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. मशीनने वेग धरताना एक क्षण असा आला की पेटी पिसाळल्यासारखी नाचायला लागली, आणि उघडून बघते तर निम्म्या दाण्यांचे काटे गळलेले. तीच चूक! मऊ केलं आणि झोका विरायची सोय केली नाही. ह्याच चुकीसाठी मी पुण्यात ज्युनियर मुलांना रडेपर्यंत बोलले होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दाणे धुवायचे नसतात गं." मी दातओठ खाऊन नवऱ्याची योगासनाची चटई कापली. ती त्याने दोन वर्षांत वापरली नव्हती, पण कापल्यावर त्याला तिची फार आठवण यायला लागली. चटईच्या पट्ट्या रबराला जोडल्या. दुसऱ्या वेळी थोडेच काटे मोडले. तिसऱ्या वेळी मशीन घरभर चालत गेलं, पण आतला एकही काटा मोडला नाही. सासूबाईंनी चष्मा लावून दाणान् दाणा तपासला.

"म्हणजे आता नीट पोचेल?" त्यांनी विचारलं.

"नीट पोचेल."

"एकसुद्धा काटा मोडणार नाही?"

"एकसुद्धा नाही, आई. लिहून देते."

"हं," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. माझी छाती फुगून आली. इतकी वर्षं त्यांनी माझ्या पोळीलासुद्धा बरी म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. पुढे नवरा आणि मी, मागे सासूबाई, त्यांच्या शेजारी पट्टा लावलेली पेटी. सासूबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा होता. सामानात परातही होती, कारण ती त्या कुठेच मागे ठेवत नसत. निदान मला तसं वाटलं.

त्या काळातला अल खोरचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आज जिथून गेलो ती वाट उद्या बंद असायची. केशरी पिंपांमधून वळसे, वळशांच्या आत वळसे, वाळूवर घाईने ओतलेलं डांबर, आणि मध्येच कुणालाही न सांगता उभा केलेला गतिरोधक. शेजारून डंपर जायचे तेव्हा आमची गाडी आधी दबायची आणि मग उडायची. एका गतिरोधकावर नवऱ्याने ब्रेक लावायला उशीर केला आणि आम्ही तिघं छताला टेकून आलो. सासूबाईंनी खंडोबाला हाक मारली. मी मागे वळून पेटीकडे बघितलं. ती डौलात किंचित डुलली आणि स्थिर झाली. आनंदाने मला टाळी वाजवावीशी वाटली.

"उघडून बघूया का?" नवऱ्याने विचारलं.

"उड्डाण चालू असताना उपग्रह उघडत नाहीत," मी म्हटलं.

नणंदेच्या घरासमोर गाडी थांबली. जावई धावत बाहेर आले. त्यांनी हिंदीत "आइए अम्मा, आइए" असं म्हटलं आणि सासूबाई गाडीतूनच "हो हो" म्हणाल्या. नवरा आणि जावई ऊस, चुरमुरे, बोरं, परात असलं सामान उतरवून आत न्यायला लागले. नणंद बाहेर आली नव्हती. मी आत जाऊन बघते तर ती स्वयंपाकघरात खिडकीशी पाठमोरी उभी होती आणि बाळ जमिनीवर रांगत होतं. "आई उतरतेय का?" तिने वळून न बघता विचारलं. "पदर नीट करताहेत, येते म्हणाल्या," मी सांगितलं आणि बाळाला उचललं. पाचेक मिनिटांनी सासूबाई आल्या. पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली होती.

दिवाणखान्यात पेटी टेबलावर ठेवली. मी पट्टे सोडले, वरचं झाकण काढलं, आतल्या पेटीचं झाकण काढलं.

सगळा काटा गेला होता. मुकुट, हार, बाजूबंद, सगळ्यांवर नुसत्या गुळगुळीत साखरेच्या गोळ्या, आणि तळाशी पांढऱ्या भुकटीचा थर. नवऱ्याने घसा खाकरला. जावयांना काय झालंय ते कळलं नाही, ते म्हणाले, "व्हेरी नाइस."

सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोडला. बिनकाट्याचा मी नातीच्या अंगावर घालायची नाही." थोडं थांबून, "रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतं. बारा दिवस आहेत अजून."

नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. सासूबाईंनी मान वर केली आणि अडीच वर्षांनी तिच्याशी पहिलं वाक्य बोलल्या.

"घरात साखर आहे का?"

"आहे," नणंद म्हणाली.

"किती आहे?"

"लागेल तेवढी आहे."

"शेगडी बघू कसली आहे ती," असं म्हणून सासूबाई आत गेल्या. मिनिटभराने आतून त्यांचा आवाज आला, "पाणी दे गं आधी, घसा कोरडा पडलाय." आणि नळाचा आवाज आला. बाटली बाहेर पिशवीत भरलेलीच होती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडेच बघत नव्हते. मी त्या भुकटीकडे बघत होते.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. नवऱ्याने शहर येईपर्यंत दम धरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाला, "माझी चटई तरी होती तशी ठेवायची होतीस." मला रडू येत होतं आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला बजावत होते. आठ दिवस बोटं भाजून केलेलं काम माझ्या फुशारकीने मातीत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जुन्या मोबाइलमधली नोंद मोठ्या स्क्रीनवर उघडली. चूक कुठे झाली हे मला बघायचंच होतं. सगळा रस्ता तिथे दिसत होता. वळसे, डंपर, छताला टेकवणारा तो गतिरोधक. आणि सगळीकडे रेघ शांत. जरा उठायची, लगेच विरायची. माझ्या रबराने आणि योगासनाच्या चटईने सगळं गिळलं होतं. मग गाडी थांबल्यावरची सरळ सपाट रेघ. आणि मग, तीन-चार मिनिटांनी, अकरा उंचच उंच सुळके. एकामागून एक, सारख्या अंतराने. आतली पेटी बाहेरच्या डब्याच्या भिंतींवर आपटली होती, अकरा वेळा. असल्या धक्क्यासाठी जगात कुणी काही बनवत नाही.

आमचा तंत्रज्ञ, केरळचाच एक अनुभवी गृहस्थ, मागून चहाचा कप घेऊन जात होता. तो थबकला. "मॅडम, ये रोड नहीं है," तो म्हणाला. "ये किसी ने दोनों हाथ से पकड़ के झाड़ा है."

मला हे आधीच कळलं होतं. त्या वेळी गाडीत एकच माणूस होतं, आणि ते पदर नीट करत होतं.

मी अशी भडकले की विचारू नका. तीन चाचण्या, आठ रबरं, एक चटई, आणि नवऱ्याची कायमची बोलणी! मी तिथल्या तिथे अल खोरला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "आत्ता नको बोलू, पाक आलाय," म्हणाल्या आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला. "काटा धरायला लागलाय, नंतर कर." मागे नणंदेचा आवाज येत होता, "आई, हात भाजेल, मला दे की थोडा वेळ." आणि सासूबाईंचा, "तुला जमायचं नाही. बरं, घे. हळू! पोरीच्या केसांतून फिरवतेस तसा हात फिरव, पीठ मळल्यासारखा नको." पुढचे दहा दिवस मला कुणी धड बोलूच दिलं नाही. मी तो आलेख छापला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. बोरन्हाणाच्या दिवशी चारचौघांत टेबलावर पसरायचा असं ठरवून टाकलं होतं. सासू असो की कुणी, माझ्या पेटीवरचा आळ मी ठेवून घेणार नव्हते.

रथसप्तमीच्या दिवशी अल खोरच्या त्या घरात मराठी घरं चार-पाच जमली होती. त्यांची मुलं आपसात इंग्रजीत भांडत बोरं कोण जास्त उचलणार ते ठरवत होती. आल्या आल्या मी स्वयंपाकघरात शिरले. नणंद एकटीच उसाचे करवे करत होती. मी पर्स उघडून कागद तिच्यापुढे धरला. "हे बघ. रस्त्यात काही झालेलं नाही. हे अकरा धक्के बघ. हे..."

"वहिनी," ती म्हणाली, "मी खिडकीत होते ना."

मला क्षणभर अर्थच लागला नाही.

"सगळं बघितलं मी. आधी नुसती पेटी मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ. मग डोळे मिटले आणि..." तिने सुरी खाली ठेवली. "मी ठरवलं होतं, राहा म्हणणार नाही. ती तशी राहिलीच नसती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं." तिचे डोळे भरून आले होते. "कुणाला सांगू नकोस हं. दादाला तर मुळीच नको. तिला कळू देऊ नकोस की आपल्याला कळलंय."

"आणि माझी पेटी?" मी म्हटलं. मी खरंच असं म्हटलं. रागीट माणसाचा राग एकदम उतरत नाही.

"तुझी पेटी फार चांगली होती गं," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

बाहेर बाळाला सजवलं होतं. काळं झबलं, त्यावर पांढरे शुभ्र दागिने, दाण्यादाण्यावर काटा. ते सासूबाईंच्या मांडीवर बसून बाजूबंद चाटत होतं. सासूबाईंच्या बोटांवर जुन्या फोडांच्या शेजारी नवे फोड होते. आठ दिवसांचं काम स्वतःच्या हाताने मोडायला त्या बाईला काय वाटलं असेल, हे मला तेव्हा, ती बोटं बघून कळलं.

नवऱ्याला मात्र श्रोते मिळाले होते. "आमच्या हिने पुण्यात उपग्रह सांभाळले," तो सांगत होता, "पण हलवा काही अल खोरपर्यंत पोचला नाही. वॉशिंग मशीनवर चाचण्या झाल्या! माझी चटई गेली त्यात!" सगळे खो खो हसत होते. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, स्टेडियमचं काम तरी दुसऱ्या कुणाकडे आहे ना?" पुन्हा हशा. माझा हात पर्सवर होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "डिझाइन कच्चं होतं."

नवऱ्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन-तीन श्वास होतील इतका वेळ बघितलं. मग बाळाच्या कपाळावर घसरलेला मुकुट सारखा करत, कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "तिच्या पेटीला नावं ठेवू नका. पेटीत काही खोट नव्हती."

सगळ्यांना वाटलं, सासू सुनेची बाजू सांभाळून घेते आहे. माझ्या शेजारी बसलेल्या बाई माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अशी सासू मिळायला नशीब लागतं हो."

मी म्हटलं, "हो, लागतं."